ॲजिलिटीत कुत्रा चुकतो, तेव्हा आधी हँडलरचे पाय पाहावेत

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

कुत्र्यांच्या ॲजिलिटी या क्रीडाप्रकारावर (यात कुत्रा हँडलरच्या, म्हणजे सोबत धावून वाट दाखवणाऱ्या माणसाच्या, सूचनांनुसार ठरलेल्या क्रमाने अडथळे पार करतो) आपल्या पुरवणीत प्रसिद्ध झालेला लेख वाचला. या खेळाला मराठी दैनिकात पानभर जागा मिळावी, याचा मनापासून आनंद झाला. लेखातील छायाचित्रे सुंदर होती आणि अडथळ्यांची ओळखही वाचकाला समजेल अशा भाषेत करून दिली होती. मात्र प्रशिक्षणाविषयीचा मजकूर वाचून या खेळाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकाचा असा समज होईल की, अडथळे आणून मांडावेत, प्रत्येक अडथळ्याचे नाव कुत्र्याला शिकवावे आणि मग ती नावे मोठमोठ्याने उच्चारत त्याला मार्गावरून पळवावे, एवढे केले की काम झाले. त्यातूनही कुत्रा चुकीच्या अडथळ्याकडे गेलाच, तर तो हट्टी आहे किंवा त्याचे लक्ष नाही. ॲजिलिटी शिकवणारी व्यक्ती म्हणून हा समज मला कुत्र्यांवर अन्याय करणारा वाटतो आणि त्याचा उलगडा करण्यासाठी हे थोडे लांबलेले पत्र लिहीत आहे.

या खेळाचा जन्म 1978 साली लंडनमधील क्रफ्ट्स या श्वानप्रदर्शनात झाला. मुख्य कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत प्रेक्षकांना काहीतरी पाहायला मिळावे, एवढ्याच हेतूने जॉन व्हार्ली यांनी घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धेवरून ही कल्पना उचलली आणि पीटर मीनवेल यांच्या मदतीने अडथळ्यांची आखणी केली. मूळ कल्पना घोड्यांच्या स्पर्धेवरून घेतलेली असली, तरी दोन खेळांत एक मोठा फरक आहे. घोडेस्वार घोड्याच्या पाठीवर असतो. लगाम, टाच आणि शरीराचा भार यांमधून तो घोड्याशी क्षणोक्षणी बोलत असतो. ॲजिलिटीतला हँडलर मात्र कुत्र्यापासून वेगळा, स्वतःच्या पायांवर धावतो. कुत्र्याला दोर लावलेला नसतो, फेरी सुरू असताना त्याला हात लावून मदत केली तर दंड होतो आणि अधिकृत फेरीत खाऊ किंवा खेळणे हातात धरून धावता येत नाही. मग कुत्र्याला पुढची दिशा कळायची कशी? ती कळते हँडलरच्या पावलांच्या दिशेवरून, खांद्यांच्या रोखावरून, नजरेवरून, हातावरून, धावण्याच्या वेगावरून आणि या सगळ्यांनंतर आवाजावरून. हा क्रम महत्त्वाचा आहे आणि आपल्या लेखात तो नेमका उलटा मांडला गेला आहे.

कुत्रा शब्दापेक्षा हालचालीला आधी प्रतिसाद देतो, याची खात्री कोणालाही पाच मिनिटांत करून घेता येईल. एक उडी, म्हणजे दोन खांबांवर आडवा दांडा टेकवलेला अडथळा, आणि तिच्या शेजारी थोड्या अंतरावर एक टनेल, म्हणजे आतून धावत जाण्याचा नळीसारखा बोगदा, मांडावे. दोन्ही शब्द चांगले ठाऊक असलेला कुत्रा सोबत घ्यावा आणि तोंडाने ‘टनेल’ म्हणत असताना पाय, खांदे आणि नजर उडीकडे रोखून धावावे. बहुतेक कुत्रे उडीच मारतील. त्यात अवज्ञा नाही. कुत्र्याचे डोळे चेहऱ्यावर माणसापेक्षा अधिक बाजूला असल्यामुळे त्याचे दृष्टिक्षेत्र साधारण 240 अंशांचे असते, म्हणजे पुढे धावत असतानाही बाजूने, काहीसे मागून येणाऱ्या हँडलरची हालचाल त्याला मान न वळवता दिसते. तो सतत पाहत असतो. त्यामुळे हँडलरने अजाणता टाकलेले पाऊलसुद्धा त्याच्या दृष्टीने सूचनाच असते आणि ‘तो ऐकतच नाही’ अशी तक्रार ज्या कुत्र्याविषयी केली जाते, तो पुष्कळदा आपल्या माणसाच्या शरीराचे तंतोतंत ऐकत असतो.

म्हणूनच चांगले प्रशिक्षण अडथळ्यांपासून सुरू होत नाही. ते मोकळ्या मैदानावर, एकही अडथळा न मांडता सुरू होते. या सरावाला फ्लॅटवर्क म्हणतात आणि नवशिक्यांना तो कंटाळवाणा वाटतो, हे मला ठाऊक आहे. पण पुढे स्पर्धेत दिसणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ हा सराव टाळण्यात सापडते. कुत्रा डाव्या बाजूला ठेवून मोठ्या वर्तुळात धावावे, मग उजव्या बाजूला ठेवून धावावे. बहुतेक हँडलरांची एक बाजू सोयीची असते आणि दुसरी अवघडलेली. ही तफावत येथे, मैदान मोकळे असतानाच भरून काढावी लागते. कुत्रा हँडलरच्या बाजूला, त्याच्या पायांच्या रोखाने धावू लागला की त्याच बाजूच्या हाताने, मांडीजवळ खाऊ द्यावा. खाऊ कोणत्या हाताने आणि कोठे दिला जातो, याला फार महत्त्व आहे. डाव्या बाजूला असलेल्या कुत्र्याला उजव्या हाताने, अंगावरून हात फिरवून खाऊ दिला, तर कुत्रा हँडलरच्या पुढ्यात वळायला शिकतो आणि पुढे धावताना पायांत येतो. बक्षीस जेथे मिळते, तेथे कुत्रा पुढच्या वेळी आधीच पोहोचू पाहतो. हा एवढा नियम पक्का लक्षात ठेवला, तरी निम्मे प्रशिक्षण सोपे होते.

फ्लॅटवर्कमधला सर्वांत मोलाचा सराव वेग कमी करण्याचा आहे. कुत्र्यासोबत सरळ रेषेत जोरात धावावे आणि मग एकदम न थांबता, दोन-तीन पावलांत वेग उतरवत गुडघे थोडे वाकवून, शरीराचा भार खाली आणून थांबावे. सुरुवातीला कुत्रा पुढे निघून जाईल. त्याला हाक मारू नये, रागावू नये, तो परत बाजूला आला की खाऊ द्यावा. थोड्याच दिवसांत हँडलरच्या पावलांचा ताल बदलला की कुत्राही आपली झेप आखूड करून जवळ येऊ लागतो. मैदानावर शिकलेला हा संवादच पुढे उडीवर तीव्र वळण घेताना उपयोगी पडतो. हँडलर पूर्ण वेगाने धावत राहिला, तर ‘पुढे सरळ जायचे आहे’ असा अर्थ कुत्रा घेतो आणि लांब उडी मारतो. हँडलरचा वेग उतरला, तर तो मागचे पाय पोटाखाली घेऊन आखूड, उंच उडी मारतो आणि खांबाजवळच वळतो.

येथे वेळेचा प्रश्न येतो आणि माझ्या मते हाच या खेळाचा गाभा आहे. कुत्रा उडी कशी मारायची हे हवेत ठरवत नाही. जमीन सोडण्यापूर्वी एक-दोन झेपा आधी त्याचा निर्णय झालेला असतो. वळणाची सूचना त्याआधी मिळाली, तर तो शरीर त्याप्रमाणे आवरून घेतो. सूचना तो हवेत असताना मिळाली, तर दोनच गोष्टी संभवतात : एक, तो लांब जाऊन पडतो आणि मोठा वळसा घेऊन परत येतो, दुसरी, तो हवेतच अंग मुरडण्याचा प्रयत्न करतो आणि त्याच्या मागच्या पायांनी दांडा पडतो. दांडा पडला की कुत्र्याला ‘नीट उडी मार’ म्हणून दटावणारे हँडलर मी पाहिले आहेत. त्यांनी त्या क्षणाचे चित्रण मंद गतीने पाहिले असते, तर आपण हाक कधी मारली आणि कुत्र्याचे पुढचे पाय तेव्हा कोठे होते, हे त्यांना स्वच्छ दिसले असते. मोबाइलवर असे चित्रण करणे आता कोणालाही शक्य आहे आणि प्रत्येक सरावसत्रात ते करावे, असा माझा आग्रह असतो. कॅमेरा मात्र कुत्र्याच्या मागे न धरता उडीच्या बाजूला, जमिनीजवळ ठेवावा, म्हणजे कुत्र्याचे आणि हँडलरचे पाय एकाच चौकटीत दिसतात.

वेळेचे हे गणित शिकण्यासाठी एकच उडी पुरेशी असते. मऊ जमिनीवर एक उडी मांडावी, दांडा अगदी खाली ठेवावा आणि कुत्र्याला उडीपासून चार-पाच मीटरवर बसवून हँडलरने पुढे जाऊन उभे राहावे. हँडलरने सोडल्याशिवाय कुत्र्याने उठू नये, हे आधी शिकवलेले असावे. सुरुवातीच्या रेषेवर थांबण्याची ही सवय नसेल, तर पुढचे काहीही नीट होत नाही. आता कुत्र्याला सोडावे आणि एकदा सरळ पुढे धावत जाऊन, एकदा उडीच्या खांबाजवळ वेग उतरवून, एकदा पूर्ण थांबून पाहावे. प्रत्येक वेळी कुत्र्याचे पुढचे पाय उडीपलीकडे जेथे टेकतील, तेथे एक लहानसा दगड किंवा खडूची खूण ठेवावी. रेती किंवा ओली माती असेल, तर पंजांचे ठसेच दिसतात. सरळ धावल्यावरचा ठसा आणि थांबल्यावरचा ठसा यांत पुष्कळ अंतर दिसले, तर कुत्रा हँडलरची भाषा वाचतो आहे. दोन्ही ठसे जवळजवळ एकाच ठिकाणी पडत असतील, तर हँडलरने थांबण्याची सूचना उशिरा दिली आहे, हे जवळपास नक्की. अशा वेळी हँडलरने आपली थांबण्याची जागा बदलण्यापेक्षा थांबण्याची वेळ आधी आणावी आणि पुन्हा खुणा पाहाव्यात. जमिनीवरच्या या खुणा कोणत्याही प्रशिक्षकापेक्षा अधिक प्रामाणिकपणे सांगतात.

आता बाजू बदलण्याच्या पद्धतींविषयी. आपल्या लेखात त्यांचा उल्लेख ‘काही विशेष वळणे’ एवढाच आला आहे. वास्तविक या पद्धती हेच हँडलिंग आहे. कोर्सवर, म्हणजे क्रमाने मांडलेल्या अडथळ्यांच्या मार्गावर, कुत्र्याला कधी डावीकडे, कधी उजवीकडे वळायचे असते आणि वळणाच्या आतल्या बाजूला हँडलर असला, तर दोघांचाही मार्ग छोटा होतो. म्हणून वळणाची दिशा बदलली की कुत्रा हँडलरच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला यावा लागतो. फ्रंट क्रॉसमध्ये हँडलर कुत्र्याच्या पुढे असताना त्याच्याकडे तोंड करून वळतो आणि डावीकडचा कुत्रा उजव्या हाताला घेतो. यात कुत्रा सतत नजरेसमोर राहतो आणि वेगही आपोआप उतरतो, म्हणून तीव्र वळणासाठी ही पद्धत उत्तम. तिची अट अशी की, हँडलरचे वळणे कुत्र्याने जमीन सोडण्यापूर्वी पूर्ण झालेले असावे. कुत्रा उडी मारून खाली येत असताना हँडलर अजून गिरकी घेत असेल, तर तो कुत्र्याच्या वाटेतच उभा असतो. पायांचा सराव कुत्र्याशिवाय करावा, हे मी प्रत्येकाला सांगते. घरातल्या मोकळ्या जागेत, आरशासमोर, डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे, पावले लहान आणि जलद ठेवून. कारण लांब पाऊल टाकले की गिरकी अर्ध्यावर अडकते आणि हँडलर मागच्या टाचेवर रेलतो.

ब्लाइंड क्रॉसमध्ये हँडलर कुत्र्याकडे पाठ करून त्याच्या पुढून जातो आणि दुसऱ्या खांद्यावरून मागे पाहत दुसरा हात त्याच्यासाठी मागे धरतो. गिरकी वाचत असल्याने वेग टिकतो आणि म्हणूनच जलद कुत्र्यांचे हँडलर ही पद्धत अधिकाधिक वापरू लागले आहेत. पूर्वी अनेक प्रशिक्षक तिला धोकादायक मानत असत, कारण काही क्षण कुत्रा नजरेआड जातो. ही भीती निराधार नाही. जो कुत्रा ‘हँडलरची नजर ज्या खांद्यावरून दिसते, त्या बाजूला यायचे’ हे फ्लॅटवर्कमध्ये शिकलेला नाही, तो जुन्याच बाजूने येतो आणि दोघांची टक्कर होते. ती बाजू शिकवण्यासाठी अडथळे लागत नाहीत. मैदानावर कुत्र्याच्या पुढे धावत एकदा एका, एकदा दुसऱ्या खांद्यावरून मागे पाहावे आणि ज्या बाजूला पाहिले, त्या हातातच खेळणे द्यावे. काही सत्रांत कुत्रा नजरेचा रोख पाहून बाजू बदलू लागतो.

रिअर क्रॉस मात्र निराळ्या प्रकृतीचा आहे. येथे हँडलर कुत्र्याच्या मागून त्याची रेषा ओलांडतो. कुत्रा पुढे आणि हँडलर मागे, अशी स्थिती आल्यावर दुसरा उपाय नसतो, म्हणून संथ पायांच्या हँडलरला तर ही पद्धत अंगवळणी पडायलाच हवी. वय झालेल्या किंवा गुडघे दुखणाऱ्या माणसांना हा खेळ खेळता येणार नाही, असे आपल्या लेखात सुचवले आहे. रिअर क्रॉस आणि दुरून पाठवण्याचे कौशल्य शिकलेल्या कुत्र्यासोबत धावणाऱ्या ज्येष्ठ हँडलरांना पाहिल्यास हे मत बदलेल. रिअर क्रॉसमधली नेहमीची चूक म्हणजे हँडलर उडीच्या अगदी जवळ जाऊन रेषा ओलांडतो. तोवर कुत्रा उडून गेलेला असतो आणि खाली आल्यावर जुन्याच दिशेला वळतो, किंवा मागून अचानक आलेल्या दाबामुळे उडीसमोरच गिरकी घेतो. हँडलरने कुत्रा उडीकडे जाऊ लागताच, अंतर असतानाच, त्याच्या शेपटीमागून निश्चयाने तिरके जावे. सपाट जमिनीवर थोड्या अंतरावर एक वाटी ठेवून, त्यात खाऊ टाकून, कुत्रा वाटीकडे निघाला की त्याच्या मागून रेषा ओलांडण्याचा सराव करावा. कुत्र्याचे डोके कोणत्या बाजूला वळते, ते पाहावे. डोके नव्या बाजूला वळले की सूचना पोहोचली.

हे तिन्ही प्रकार एका उडीवर जमले, म्हणजे तीन उड्यांचा सराव घ्यावा. तीन उड्या एका ओळीत मांडून त्या नागमोडी पद्धतीने पार करणे किंवा चार उड्यांचा चौकोन मांडून त्यातून वेगवेगळे मार्ग काढणे, यात एका सत्रात पुष्कळ शिकून होते. पूर्ण कोर्स रोज धावण्याची हौस अनेकांना असते. ती समजण्यासारखी आहे, पण कोर्सवर इतक्या गोष्टी एकामागून एक घडतात की, कोणती सूचना चुकली हे न कुत्र्याला कळते, न हँडलरला.

कुत्रा चुकला, तर काय करावे, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. कुत्र्याने हँडलरच्या शरीराने जे सांगितले ते केले असेल, तर त्याला बक्षीस द्यावे, मग तो अडथळा कोर्सच्या क्रमानुसार चुकीचा का असेना. चूक हँडलरची असेल, तर दंड कुत्र्याला का? ‘नाही’ म्हणून ओरडल्याने, हात झटकल्याने किंवा त्याला तेथेच थांबवून पुन्हा पुन्हा परत आणल्याने कुत्र्याला एवढेच कळते की, वेगाने धावल्यावर आपल्या माणसाचा चेहरा कठोर होतो. अशा कुत्र्यांचा वेग हळूहळू उतरतो. ते मध्येच जमीन हुंगू लागतात, अंग खाजवतात, किंवा एकाएकी मैदानभर गोल गोल पळत सुटतात. प्रेक्षक हसतात आणि कुत्रा मस्ती करतो आहे असे समजतात. पुष्कळदा ते गोंधळाचे आणि ताणाचे लक्षण असते. दोनदा सलग चूक झाली की अडथळा सोपा करावा, तिसऱ्यांदा तीच चूक करू देऊ नये, हा साधा दंडक मी पाळते.

याचा अर्थ शब्द निरुपयोगी आहेत, असे मला म्हणायचे नाही. आजचे कोर्स पूर्वीपेक्षा अवघड झाले आहेत. उडी मागच्या बाजूने घ्यावी लागते, टनेलची दोन तोंडे शेजारी येतात, हँडलरला लांब उभे राहून कुत्र्याला पाठवावे लागते. अशा ठिकाणी ‘खांबाला वळसा घाल’, ‘मागून ये’, ‘पुढे जा’ यांसाठी पक्के शिकवलेले, एकमेकांपासून कानाला स्पष्ट वेगळे वाटणारे शब्द फार उपयोगी पडतात. पण ते वेगळे शिकवावे लागतात, हँडलर स्थिर उभा असताना, त्याच्या अंगाची कोणतीही मदत नसताना. धावता धावता शब्द उच्चारत राहिल्याने कुत्रा शब्द शिकत नाही, कारण त्याच वेळी शरीर त्याला उत्तर सांगून मोकळे झालेले असते.

स्पर्धेच्या दिवशी फेरीपूर्वी हँडलरांना काही मिनिटे कुत्र्याशिवाय कोर्स चालून पाहता येतो. या वेळेत बहुतेक जण अडथळ्यांचे क्रमांक पाठ करतात. मी सुचवीन की, आधी कुत्र्याच्या उंचीवर वाकून, त्याच्या डोळ्यांसमोर त्या वळणावर कोणता अडथळा येईल ते पाहावे, कारण माणसाला दिसणारी आणि कुत्र्याला दिसणारी वाट वेगळी असते. मग कोठे बाजू बदलायची ते ठरवून त्या जागी प्रत्यक्ष पाय टाकून पाहावेत, हात हलवून पाहावेत, अगदी कुत्रा सोबत असल्यासारखे. लाज वाटून हात खिशात ठेवून चालणारा हँडलर प्रत्यक्ष फेरीत तेथेच अडखळतो.

वीव्ह पोल (ओळीत रोवलेले, नागमोडी पार करायचे खांब) आणि कॉन्टॅक्टचे (चढून उतरायच्या फळ्यांचे) अडथळे यांवर लेखात पुरेसे लिहिले आहे, म्हणून मी दोनच गोष्टींची भर घालते. ए-फ्रेम (तंबूसारख्या उभ्या केलेल्या दोन फळ्या), डॉग वॉक (उंचावरची अरुंद फळी) आणि सी-सॉ (वरखाली होणारी फळी) यांच्या दोन्ही टोकांना वेगळ्या रंगाचा कॉन्टॅक्ट भाग असतो आणि उतरताना कुत्र्याचा निदान एक पंजा तेथे पडलाच पाहिजे, हा नियम पंचांच्या हौसेसाठी केलेला नाही. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या नियमांनुसार ए-फ्रेमचे शिखर 1.70 मीटर उंच असते. त्या उंचीवरून कुत्र्याने थेट खाली उडी टाकली, तर सगळा भार पुढच्या पायांवर आणि खांद्यांवर येतो. म्हणून कॉन्टॅक्टचे प्रशिक्षण उंच फळीवर न करता जमिनीवर ठेवलेल्या सपाट फळीच्या टोकापासून करावे. मागचे दोन पाय फळीवर आणि पुढचे दोन जमिनीवर, अशा स्थितीत थांबणे कुत्र्याला आधी आवडू द्यावे आणि मग फळी एकेक इंचाने उचलावी. न थांबता धावत उतरण्याची पद्धतही आहे आणि ती अधिक जलद आहे, पण तिला सातत्याने करायच्या पुष्कळ आवृत्त्या लागतात आणि नवशिक्याने ती एकट्याने आरंभू नये. सी-सॉविषयी विशेष सावधगिरी हवी. फळी आपटण्याचा आवाज आणि पायांखालून सरकणारी जमीन यांनी एकदा घाबरलेला कुत्रा त्या अडथळ्याकडे कित्येक महिने फिरकत नाही. फळीच्या टोकाखाली गादी ठेवून, ते जमिनीपासून दोन-चार बोटेच उंच ठेवून, फळी स्वतः पंजाने खाली दाबण्याचा खेळ कुत्र्याला शिकवला, तर आवाजच त्याला आनंदाचा वाटू लागतो.

शरीराच्या काळजीचा मुद्दा लेखात दोन ओळींत आटोपला आहे; त्याला अधिक जागा हवी होती. पिल्लाच्या हाडांच्या टोकांशी वाढीचे मऊ पट्टे असतात आणि ते बुजेपर्यंत पूर्ण उंचीच्या उड्या, वीव्ह पोलमधली सलग वळवळ आणि तीव्र वळणांची पुनरावृत्ती यांपासून त्याला दूर ठेवायला हवे. मोठ्या जातींमध्ये यास अधिक काळ लागतो. एफसीआयच्या स्पर्धांत 18 महिन्यांखालील कुत्र्याला उतरता येत नाही, त्यामागे हीच काळजी आहे. तोवर वेळ वाया जात नाही. वर सांगितलेले सगळे फ्लॅटवर्क, थांबण्याची सवय, जमिनीवर ठेवलेल्या दांड्यांवरून चालणे, शंकूला वळसा घालणे, मागच्या पायांवर ताबा मिळवण्यासाठी लहान चौथऱ्यावर पुढचे पाय ठेवून गोल फिरणे, हे सगळे पिल्लू करू शकते आणि त्याच काळात ते सर्वांत लवकर शिकते. प्रौढ कुत्र्यालाही सरावाआधी पाच-दहा मिनिटे चालवून, हलके धावडवून अंग मोकळे करू द्यावे, नखे कापलेली असावीत आणि निसरड्या फरशीवर एकही उडी मारायला लावू नये. कुत्रा एरवी आवडणारी उडी टाळू लागला किंवा वीव्ह पोलमध्ये मध्येच बाहेर पडू लागला, तर त्याला आळशी ठरवण्यापूर्वी पशुवैद्याकडून खांदे, पाठ आणि मांडीचा आतला भाग तपासून घ्यावा.

शेवटी लेखातील दोन तपशिलांकडे लक्ष वेधते आणि त्यांची दुरुस्ती प्रसिद्ध करावी, अशी विनंती करते. एफसीआयच्या स्पर्धांत कुत्र्यांचे तीन उंचीगट असतात असे लेखात म्हटले आहे. 2023 पासून ते चार आहेत आणि स्मॉल, मीडियम, इंटरमीडिएट व लार्ज या गटांसाठी उडीची उंची अनुक्रमे 25 ते 30, 35 ते 40, 45 ते 50 आणि 55 ते 60 सेंटिमीटर ठेवली जाते. दुसरे म्हणजे, वीव्ह पोलच्या आकृतीत कुत्रा पहिला खांब आपल्या उजवीकडे ठेवून आत शिरताना दाखवला आहे. पहिला खांब नेहमी कुत्र्याच्या डाव्या खांद्याशी असतो, म्हणजे कुत्रा पहिल्या आणि दुसऱ्या खांबामधून उजवीकडून डावीकडे शिरतो, मग हँडलर कोणत्याही बाजूला असो. ही आकृती समोर ठेवून जे वाचक 60 सेंटिमीटरच्या अंतराने खांब रोवायला घेतील, त्यांचे कुत्रे उलट्या बाजूने आत शिरायला शिकतील आणि एकदा बसलेली ती सवय मोडायला फार वेळ लागतो. म्हणून सुधारित आकृती पुढच्याच अंकात छापावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
ॲजिलिटीची एक प्रशिक्षक आणि आपल्या दैनिकाची वाचक